चिखल बसतो कसा आणि उठतो कसा

आधी एक छोटंसं गणित करू, कारण मला या विषयाची गोडी लागली ती त्या गणितामुळेच. चिकणमातीचा एक कण घ्या, मिलिमीटरचा पाचशेवा भाग एवढा, म्हणजे डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही. हा कण अगदी स्तब्ध पाण्यात सोडला, पाण्याला कुणी हातसुद्धा लावला नाही, तरी एक मीटर खाली जायला त्याला तीन दिवसांहून जास्त वेळ लागतो. आता समुद्राकडे बघा. बहुतेक किनाऱ्यांवर साधारण साडेबारा तासांत भरती-ओहोटीची एक फेरी पुरी होते, सहा-सव्वासहा तास पाणी चढतं, तेवढाच वेळ उतरतं, आणि या सगळ्यात ते जवळजवळ थांबलेलं असतं ते भरती पुरी झाल्यावर थोडा वेळ, अर्धा तास धरा, कुठे जरा जास्त. कणाला हवेत तीन दिवस आणि मिळतो अर्धा तास. हिशोबानं किनाऱ्यावर चिखल साचायलाच नको.

आणि तरी तो साचतो, मैलोन्‌मैल साचतो. ओहोटीला पाणी मागे गेलं की जे राखाडी-तपकिरी मैदान उघडं पडतं, ज्याला अभ्यासक मडफ्लॅट म्हणतात आणि बाकीचे लोक नाक मुरडून नुसता चिखल म्हणतात, ते मैदान या अशक्य वाटणाऱ्या गणितातनं उभं राहिलेलं असतं. वाळूच्या किनाऱ्याबद्दल सगळे भरभरून बोलतात, चिखलाबद्दल कुणी बोलत नाही, म्हटलं आपण बोलू.

तर हा कण बसतो कसा? एकटा बसतच नाही, ही त्यातली गंमत. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत राहतात, नदी गढूळची गढूळच वाहते. पण तीच नदी समुद्राला भेटली की खाऱ्या पाण्यातले धनभारित आयन या ढकलाढकलीचा जोर मोडतात, कण एकमेकांच्या जवळ येतात, एकदा पुरेसे जवळ आले की चिकटतात. त्यात सूक्ष्मजीवांनी सोडलेला बुळबुळीत डिंक मिसळतो आणि बघता बघता हजारो कणांचा एक पुंजका तयार होतो. हा पुंजका आतून बहुतेक पाणीच असतो, फार जड नसतो, पण मोठा असतो, आणि तो सेकंदाला साधारण एक मिलिमीटर या वेगानं खाली येऊ शकतो. म्हणजे तीन दिवसांचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांत! अर्ध्या तासात काम झालं की. पाणी अगदी हळू ढवळलं गेलं तर कणांची टक्कर वाढते आणि पुंजके मोठे होतात, जोरात ढवळलं तर तेच पुंजके फुटतात, म्हणजे चिखल बसायला पूर्ण शांतता लागते असंही नाही, थोडी हालचाल त्याला मानवतेच.

पण नुसतं बसून भागत नाही. भरतीनं आणलेला गाळ तीच ओहोटी परत घेऊन का जात नाही? पाणी आलं तेवढंच परत जातं ना, मग गाळ मागे का राहतो? हा प्रश्न मला अजूनही त्या गणितापेक्षा जास्त आवडतो. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क या तिघांच्या किनाऱ्याला लागून वाडन समुद्राचा उथळ पट्टा आहे, तिथं फान स्ट्राटन, कुनेन आणि पोस्टमा या डच अभ्यासकांनी १९५० च्या आणि ६० च्या दशकात याचं जे उत्तर शोधलं ते आजही शिकवलं जातं. गर्दीच्या बसमधून उतरणारा माणूस डोळ्यासमोर आणा, बस थांबायला लागली तेव्हा तो दाराकडे निघतो पण दारापर्यंत पोचेस्तोवर बस अजून थोडी पुढे गेलेली असते. गाळाचं तसंच. भरतीचा वेग कमी झाला की कण खाली यायला लागतो, पण खाली येता येता पाणी त्याला आणखी थोडं किनाऱ्याकडे नेतं आणि तो जिथं पडायचा त्याच्या पुढे जाऊन पडतो. आता ओहोटी लागली. कणाला बसण्यासाठी पाण्याचा वेग जितका कमी व्हावा लागतो त्यापेक्षा त्याला परत उठवायला जास्त वेग लागतो, कारण एकदा तळाला चिकटला की चिकटला. किनाऱ्याजवळ ओहोटीचं पाणी तेवढा वेग धरेपर्यंत आधी त्याला घेऊन आलेलं पाणी केव्हाच पुढे निघून गेलेलं असतं, मागच्या, किनाऱ्याच्या आणखी जवळच्या पाण्यावर त्याला समाधान मानावं लागतं, आणि ते पाणी त्याला फार लांब नेऊच शकत नाही. दर फेरीत थोडा पुढे, थोडा मागे, पण मागचं पाऊल लहान. असं करत करत गाळ समुद्राकडून जमिनीकडे सरकत राहतो. कुणी ढकलत नाही, नुसत्या उशिरामुळे. निसर्गात उशीर होण्याचा इतका फायदा दुसऱ्या कुणाला झालेला मला तरी माहीत नाही.

त्यात भर घालणारी अजून एक गोष्ट आहे. भरतीची लाट, म्हणजे ती अख्खी बारा तासांची लांबलचक लाट, खोल पाण्यात भरभर जाते आणि उथळ पाण्यात हळू. मग खाडीत शिरताना तिचा माथा, जिथं पाणी खोल आहे, तो पायथ्याला गाठायला बघतो, आणि परिणाम असा की पाणी चढायला कमी वेळ लागतो आणि उतरायला जास्त. तेवढंच पाणी कमी वेळात आत यायचं म्हणजे भरतीचा प्रवाह ओहोटीपेक्षा जोरकस, आणि जोरकस प्रवाह जास्त गाळ उचलतो. उथळ खाड्या अशानं गाळानं भरत जातात. पण भरता भरता मामला उलटूही शकतो, दोन्ही बाजूंचे चिखलाचे पट्टे उंच झाले आणि मधे एखादीच खोल नाळ उरली की भरतीच्या शेवटी पाणी त्या पट्ट्यांवर पसरून रेंगाळतं आणि मग ओहोटीला सगळं त्या नाळेतनं जोरात निघतं, आता ओहोटी वरचढ. म्हणजे भरती-ओहोटी जमिनीला आकार देते हे खरंच, पण तो आकारही भरती-ओहोटीला बदलतो. कुणाला कुणी घडवलं हे विचारण्यात मग फारसा अर्थ उरत नाही.

इथपर्यंतची गोष्ट फक्त भरतीची झाली आणि भरती एकटी असती तर चिखल साचत साचत जाऊन जमीनच झाली असती. लाटांचं काय?

लाटा चिखल फार लांब नेत नाहीत हे आधी लक्षात घ्यायला हवं, कारण आपल्याला उलटंच वाटतं. लाट म्हणजे पाणी पुढे-मागे, पुढे-मागे, शेवटी जवळपास जिथल्या तिथे. पण प्रवाह संथपणे वाहतो तेव्हा तळाशी त्याचा वेग कमी कमी होत जातो, तळाला तो फारसा खरवडत नाही. लाटेचं पाणी दर दोन-तीन सेकंदांनी दिशा बदलतं त्यामुळे तळाजवळ मंद पाण्याचा तसा जाड थर तयार व्हायला वेळच मिळत नाही, आणि तेवढ्याच वेगाच्या प्रवाहापेक्षा लाट तळाला कितीतरी जास्त घासते. ताजा बसलेला गाळ ०.१ पास्कलच्या आसपासच्या घर्षणालाही उठू शकतो, हे इतकं कमी आहे की वाऱ्यानं उठलेली वीतभर उंचीची लाट उथळ पाण्यात ते आरामात करते. म्हणून कामाची वाटणी अशी पडते: लाट उठवते, भरती-ओहोटी वाहून नेते. लाटांविना ओहोटीच्या हाती फार गाळ लागत नाही आणि ओहोटी नसेल तर लाटेनं उठवलेला गाळ तिथंच परत बसतो.

हे डोळ्यांनी बघता येतं बरं का. वारा असलेल्या दिवशी भरती येताना पाण्याची अगदी कड बघा, तिथं एक चिंचोळा पट्टा बाकीच्या पाण्यापेक्षा जास्त गढूळ दिसतो, जिथं पाणी घोट्याएवढं किंवा गुडघ्याएवढंच आहे तिथं, आणि तो पट्टा पाण्याच्या कडेसोबत वर सरकत जातो, ओहोटीला त्याच वाटेनं परत येतो. चिखलावरच्या प्रत्येक जागेवरून तो एका भरतीत दोनदा जातो, एकदा येताना, एकदा जाताना. मी तर आता कुठेही गेले की आधी तो पट्टा शोधते. तो ठळक असेल तर त्या दिवशी लाटांची सरशी आहे असं खुशाल समजावं.

लाटेचा हात किती खोल पोचतो हे तिच्या लांबीवर ठरतं, ढोबळपणे लांबीच्या निम्म्यापर्यंत. दोन सेकंदांनी येणारी छोटी लाट साधारण सहा मीटर लांब असते, म्हणजे तीन मीटर खोलीच्या खाली तिचा काही संबंध नाही. उलट पाणी फारच उथळ असेल तर लाट मोठी होऊच शकत नाही, आधीच मोडते किंवा घासून घासून मरते. म्हणजे लाटेचा तळावरचा मार सगळ्यात जास्त असतो तो मधल्या कुठल्या तरी खोलीला. आणि यातनं एक विलक्षण गोष्ट निघते. समजा एखादा चिखलाचा तळ त्या मधल्या खोलीपेक्षा थोडा उंच आहे, तर गाळ साचून तो अजून उंच होतो, लाटा अजून दुबळ्या पडतात, गाळ अजून साचतो, शेवटी गवत किंवा खारफुटी उगवण्याइतकी उंची येते. आणि तोच तळ थोडा खाली असेल तर तो खालीच राहतो, लाटा त्याला वर येऊ देत नाहीत. मधे राहणं अवघड. व्हेनिसच्या लगूनचा, म्हणजे तिथल्या समुद्रालगतच्या उथळ खाजणाचा, अभ्यास करून फागेराझ्झी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमकं हेच मांडलं, की तिथं उंच खारगवताळ जमीन भरपूर, खालचे चिखलाचे तळ भरपूर, पण मधल्या उंचीची जागा फार थोडी सापडते. मला हे वाचून आश्चर्य वाटलं होतं, कारण मनात असं चित्र असतं की समुद्राचा तळ हळूहळू, सगळ्या उंचींमधून जात जात जमीन होतो. तसं नाही, मधली उंची तो जमेल तेवढी लवकर ओलांडून जातो.

आता मला सर्वात आवडणाऱ्या भागाकडे येते. चिखलाच्या मैदानाचा उभा छेद काढला, म्हणजे किनाऱ्याच्या बांधापासून ते ओहोटीच्या अगदी खालच्या रेषेपर्यंत, तर तो वरच्या अंगाला फुगलेला दिसतो किंवा खाली दबलेला दिसतो. फुगलेला म्हणजे वरचा भाग रुंद आणि जवळजवळ सपाट, खाली ओहोटीच्या रेषेजवळ एकदम उतार. दबलेला म्हणजे किनाऱ्याजवळच तीव्र उतार, बऱ्याचदा हातभर उंचीचा चिखलाचा छोटा कडाच, आणि त्याच्या खाली लांबच लांब चपटा पसरलेला तळ. फुगलेला आकार भरती-ओहोटीचा, दबलेला लाटांचा. एक घडतोय, एक झिजतोय. सरळ नियम म्हणून हे इतकं सोपं नाही, पण पहिला अंदाज म्हणून चांगलं काम करतं.

का असं होतं? भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. खलाशांचा जुना ठोकताळा आहे, एकूण चढायचं असेल त्याचे बारा भाग करा, पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढून जातं. त्या वेळी पाणी जिथं पोचलेलं असतं तिथं जर जमीन फार सपाट असली तर पाण्याला आडवं भराभरा पसरावं लागतं, वेग वाढतो, तळ खरवडला जातो, आणि खरवडून खरवडून तिथला उतार वाढतो. भरतीच्या माथ्याजवळ मात्र पाणी हळू चढतं त्यामुळे तिथं जमीन कितीही सपाट असली तरी चालतं, पाणी संथच राहतं आणि गाळ बसतो. तळावरचं घर्षण सगळीकडे सारखं होईपर्यंत ही घासाघीस चालू राहते आणि शेवटी जो आकार उरतो तो वर फुगलेला. कार्ल फ्रेडरिक्स आणि डेव्हिड ऑब्री या दोघांनी १९९६ मध्ये याचं गणित मांडलं, लाटांसाठीही मांडलं, आणि तिथं उत्तर उलटं येतं: लाट उथळ पाण्यात येते तसा तिचा तळावरचा जोर वाढतो, तो सगळीकडे सारखा राखायचा तर किनाऱ्याकडे उतार वाढत जावा लागतो, म्हणजे दबलेला आकार.

हे कळल्यापासून ओहोटीला चिखलाच्या कडेला उभं राहिलं की नुसतं मैदान दिसत नाही, गेल्या काही वर्षांचं भांडण दिसतं. कडेला छोटा कडा आहे का, त्याच्यातनं मुळं लोंबतायत का, खालचा तळ टणक, जुना, कापल्यासारखा आहे की मऊ आणि पाय रुतणारा. टणक तळ म्हणजे वरचा ताजा थर उडून गेलाय आणि जुना दाबलेला चिखल उघडा पडलाय. मऊ म्हणजे अजून येणं चालू आहे. (मऊ चिखलात उगाच उतरू नका, हे आपलं सांगून ठेवते. हलवला की तो पातळ होतो, थांबलं की पुन्हा घट्ट, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.)

हे भांडण एकाच वेळापत्रकानं चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं, तिथपर्यंत गाळ नेतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती वरच्या भागापर्यंत पोचतच नाही आणि मग तो वरचा चिखल कित्येक दिवस उन्हात सुकतो, पाणी सोडतो, घट्ट होतो, पुढच्या उधाणाच्या लाटांना पुरून उरेल इतका. त्याच वेळी ओहोटीला पाऊस आला तर थेंबांच्या माऱ्यानं वरचा थर पुन्हा मऊ. ऋतूंचं गणित वेगळं, शांत महिन्यांत साचायचं, वादळी महिन्यांत जायचं. आणि चंद्राच्या कक्षेचा १८.६ वर्षांचा एक फेरा आहे ज्यात भरतीची उंची काही टक्क्यांनी कमी-जास्त होते. काही टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावरची खारफुटी पुढे-मागे सरकण्यात या फेऱ्याचा मोठा वाटा असल्याचं २००८ मध्ये दाखवलं गेलं.

वादळांबद्दल मात्र आपला समज जरा तपासून घ्यायला हवा. एक मोठं वादळ चिखलाचा काही महिन्यांचा साठा एका दिवसात उडवू शकतं हे खरं आहे, ते बातमीतही येतं. पण खारगवताच्या कडा वर्षानुवर्षांच्या हिशोबात कशामुळे झिजतात हे २०१६ मध्ये लेओनार्डी आणि तिच्या सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा मोठ्या वादळांचा आणि चक्रीवादळांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी निघाला. बाकी सगळं काम वर्षात कितीदा तरी येणाऱ्या मध्यम वाऱ्याच्या दिवसांचं, ज्या दिवसांना नाव नसतं. मोठं वादळ येतं तेव्हा पाणी इतकं वर चढलेलं असतं की लाटा त्या कडेच्या डोक्यावरूनच निघून जातात, आणि तशी वादळं येतात तरी कितीदा.

आता चिखलातल्या राहणाऱ्यांना बाजूला ठेवून ही गोष्ट पुरी होत नाही. ओहोटीला उन्हात चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक दिसते ती डायटम नावाच्या एकपेशीय शैवालांची. पाणी उतरलं की ती वर येतात, ऊन घेतात, आणि पाणी परत यायच्या आधी खाली जातात, घड्याळ नसताना. वर-खाली करताना ती एक चिकट पदार्थ सोडतात आणि त्यानं चिखलाचे कण एकमेकांना बांधले जातात, नुसत्या चिखलापेक्षा असा बांधलेला चिखल लाटांना कितीतरी कमी दाद देतो. हाताच्या नखाएवढासुद्धा जाड नसलेला हा थर. पण त्याला खाणारे आहेत. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात, जिथं भरती-ओहोटीतला फरक जगात सगळ्यात जास्त, सोळा मीटरपर्यंत जातो, तिथं चिखलात कोरोफियम नावाचा कोळंबीसारखा इवलासा प्राणी बिळं करून राहतो, एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी, आणि डायटम खातो. आणि उन्हाळ्याच्या शेवटी उत्तरेकडून लाखो छोटे तुतवार पक्षी दक्षिण अमेरिकेच्या वाटेवर तिथं उतरतात आणि हे कोरोफियम खाऊन खाऊन वजन जवळपास दुप्पट करतात. १९८९ मध्ये तिथं मोजमापं झाली आणि १९९३ मध्ये छापली गेली: पक्षी आले, कोरोफियमवर संकट आलं, डायटमचं फावलं, चिकट पदार्थ वाढला आणि चिखलाची मजबुती वाढली. म्हणजे पक्षी आले म्हणून लाटांना चिखल उचलणं अवघड गेलं. कुठल्या कुठे संबंध! भरती, लाटा, गाळ असं नुसतं भौतिकशास्त्र घेऊन बसलेल्या माणसाला हे कधीच सापडलं नसतं.

आणि कधी कधी चिखल स्वतःच लाटांना गप्प करतो. अ‍ॅमेझॉन नदी समुद्रात जो गाळ ओतते त्यातला काही भाग वायव्येला, गयानांच्या किनाऱ्यानं, ओरिनोको नदीच्या मुखाकडे सरकत जातो, सुमारे दीड हजार किलोमीटरचा पट्टा. तो सलग सरकत नाही, दहा-दहा, कधी पन्नासेक किलोमीटर लांबीच्या प्रचंड ढिगाऱ्यांच्या रूपात सरकतो, वर्षाला किलोमीटरच्या वर. ढिगारा समोर आला की महासागराच्या लाटा त्या पातळ चिखलात शिरताच विरघळून जातात, लाटेची सगळी ताकद चिखल हलवण्यातच खर्ची पडते, किनारा शांत होतो, चिखल वर येतो, खारफुटी झपाट्यानं पुढे सरकते. मग काही वर्षांनी ढिगारा पुढे जातो, लाटा मोकाट सुटतात आणि तीच खारफुटी झाडांसकट उपटली जाते, काही ठिकाणी वर्षाला शंभर मीटरहून जास्त किनारा जातो. पुन्हा पुढचा ढिगारा, पुन्हा जंगल. केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात याचं छोटं भावंड दिसतं, चाकरा म्हणतात त्याला. सगळीकडे समुद्र खवळलेला आणि मधेच चिखलाच्या एका पट्ट्यात पाणी शांत.

काळाची लांबी जरा वाढवू. गाळ बसतो तो थराथरानं, प्रत्येक भरतीचा एक पातळ थर, उधाणाला जाड, भांगाला बारीक. बहुतेक थर पुढच्या लाटा पुसून टाकतात, पण क्वचित कुठे ते टिकतात आणि दगड होतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात किनाऱ्यालगतच्या पाण्यात साचलेले असे सुमारे ६२ कोटी वर्षांपूर्वीचे थर आहेत, जॉर्ज विल्यम्स या भूशास्त्रज्ञानं ते मोजले आणि त्यातनं निघालं की तेव्हा वर्षात सुमारे ४०० दिवस होते आणि दिवस जेमतेम २२ तासांचा. भरतीच्या घर्षणानंच पृथ्वीचं फिरणं मंदावलंय, आणि त्याची नोंदही भरतीनंच ठेवलीय. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या उत्तरेला फॉर्मबीचा किनारा आहे, तिथल्या जुन्या चिखलात माणसांच्या, हरणांच्या, लांडग्यांच्या, करकोच्यांच्या पाऊलखुणा निघतात, सर्वात जुने थर सुमारे ९००० वर्षांपूर्वीचे. कुणीतरी ओल्या चिखलावरून गेलं, ऊन कडक होतं म्हणून ठसा वाळला, पुढच्या भरतीनं त्यावर गाळ अंथरला. आता लाटा तो गाळ काढतायत, म्हणून तर ठसे दिसतात, आणि दिसल्यावर थोड्याच दिवसांत त्याच लाटा ठसेही घेऊन जातात. भरतीनं राखायचं आणि लाटांनी उघडून न्यायचं, तेही इथं एकाच जागी.

माणूस या सगळ्यात येतो तो मुख्यतः गाळाच्या पुरवठ्यातनं. भरती आणि लाटा तशाच राहिल्या आणि नदीचा गाळ वाढला-घटला तरी पारडं फिरतं. चीनची पीत नदी ११२८ पासून १८५५ पर्यंत दक्षिणेच्या वाटेनं, आजच्या जिआंग्सू प्रांतातनं समुद्राला मिळत होती, इतका गाळ आणत होती की किनारा समुद्रात घुसत गेला. १८५५ मध्ये तिनं वाट बदलली, ती उत्तरेला बोहाय समुद्राकडे गेली, आणि त्या जुन्या मुखाशी गाळ येणं थांबलं. तेव्हापासून लाटा ते जुनं मुख खातायत आणि तिथनं सुटलेल्या गाळावर त्याच्या दक्षिणेचे चिखलाचे पट्टे वाढत गेले, म्हणजे एकाचं मोडून दुसऱ्याचं घर. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराचं उलट: एकोणिसाव्या शतकात सोन्यासाठी डोंगरच्या डोंगर पाण्याच्या फवाऱ्यांनी फोडले, १८८४ मध्ये कोर्टानं त्याला आवर घालेपर्यंत, आणि तो सगळा राडारोडा नद्यांतनं उतरत उतरत उपसागरात आला, चिखलाची मैदानं फुगली. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टनं १९१७ मध्ये त्याचा हिशोब मांडला. पुढे तो गाळ ओसरला, धरणांनी उरलेला अडवला, आणि तीच मैदानं आक्रसायला लागली. त्यांचा मूळ आकार कुठला मानायचा, सोन्याच्या आधीचा की नंतरचा? मला विचाराल तर हा प्रश्नच चुकीचा आहे, चिखलाला मूळ आकार नसतो, चालू असलेला आकार असतो.

उपग्रहाच्या चित्रांवरून २०१९ मध्ये जगभरच्या अशा भरतीच्या मैदानांचा नकाशा आला, चिखलाची, वाळूची, खडकाळ अशी सगळी मिळून निदान १,२७,९२१ चौरस किलोमीटर, आणि जिथली पुरेशी चित्रं उपलब्ध होती तिथं १९८४ ते २०१६ या काळात सुमारे १६ टक्के घट. काही ठिकाणी भराव टाकून, काही ठिकाणी गाळ आटल्यामुळे. समुद्राची पातळी वाढतेय ती वेगळीच. त्यावर चिखलाकडे स्वतःचं एक उत्तर आहे खरं, पाणी खोल झालं की मैदान जास्त वेळ पाण्याखाली राहतं, जास्त गाळ बसतो, मैदान वर येतं, वर आलं की कमी वेळ भिजतं आणि साचणं आपोआप मंदावतं. पण यासाठी पाण्यात गाळ पाहिजे आणि मागे सरकायला जागा पाहिजे. मागे पक्की भिंत बांधली की जागा गेली, आणि लाटा भिंतीवर आपटून परत फिरतात तेव्हा पायथ्याचा चिखल आणखी उपसतात. भिंतीचा राग नाही मला, मागे माणसं राहतात, त्यांना ती हवी असते. फक्त भिंत बांधताना समोरचं मैदान आहे तसंच राहील असं धरून चालतात ते पटत नाही. ते मैदानच तर लाटांचा जोर मोडत होतं, ते गेलं की भिंतीलाच सगळं सोसायचं.

काही ठिकाणी म्हणून उलटा प्रयोग चालू आहे. इंग्लंडमध्ये सेव्हर्नच्या खाडीत, पॅरेट नदीच्या मुखाशी स्टीअर्ट इथं घरांच्या रक्षणासाठी मागे नवे बांध घातले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये पुढचा जुना बांध मुद्दाम फोडला. सेव्हर्नचं पाणी आधीच चहाच्या रंगाचं, त्यामुळे गाळाची ददात नव्हती, शेतांवर चिखल भराभर चढला, आणि मग गवत आलं. पण वरच्या नियमानं तो चढेल तसा हळू होणारच, आणि आत गवत कितीही धरलं तरी बाहेरच्या अंगाला, जिथं खुल्या खाडीच्या लाटा येऊन लागतात, तिथली कड पुढे सरकतेय की मागे, छेद फुगतोय की दबतोय, हे एक-दोन वर्षांत कळत नाही, त्यासाठी दरवर्षी त्याच रेषेवर जाऊन तीच उंची पुन्हा पुन्हा मोजत बसावं लागतं.